गुरे राखणाऱ्यांची नावे



आपल्या मुलांना ‘काउबॉय’ ठाऊक असतो. ‘ढोरकी’ कोण, असे विचारले की वर्ग गप्प होतो. घोड्यावरून गुरे वळणाऱ्याला स्पॅनिश भाषेत ‘वाकेरो’ म्हणतात. ‘वाका’ म्हणजे गाय. हाच शब्द अमेरिकेच्या पश्चिम भागात ‘बकारू’ झाला. अर्जेंटिनातला असा स्वार ‘गाउचो’.

मराठीत गुरांमागे जाणाऱ्या स्वाराला नाव नाही. आपले घोडेस्वार लष्करातले : स्वतःच्या घोड्यावर बसे तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. गावची गुरे सकाळी रानात जात आणि सांजेला गोठ्यात परतत. त्यांच्यामागे माणूस पायीच पुरे. धनगरांच्या वाड्यात घोडे असते, पण त्याच्या पाठीवर बिऱ्हाड लादलेले! मात्र या पायी चालणाऱ्याला नावे किती : देशावर गुराखी, वऱ्हाडात ढोरकी, गोव्यात राखणो, खिल्लार जनावरांचे कळप बाळगणारा तो खिलारी. ‘गुराखी’ आणि ‘राखणो’ या शब्दांत हाकणे नाही, राखणे आहे. मला हा भेद फार मोलाचा वाटतो.

आपण जिथे राहतो तिथेही हा धागा आहे. कन्नडमध्ये गुराख्याला ‘दनगाही’ म्हणतात. म्हैसूरच्या वोडेयर राजांनी दुधालोण्यासाठी आणि बैलांसाठी गुरांचे खाते उभारले, ते ‘बेण्णे चावडी’. टिपू सुलतानाने त्याला ‘अमृतमहाल’ हे नाव दिले. तोफा ओढणारे बैल तिथलेच. माणदेशातले खिल्लार याच म्हैसुरी गुरांच्या कुळातले मानले जाते.

नाव ही केवळ कोशातली बाब नव्हे. विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या गुरे राखणारा समाज गोवारी. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ असे शब्द आहेत. त्यांत आपण येतो, हे त्यांचे म्हणणे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी ते मागणे घेऊन नागपुरात विधिमंडळावर निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जणांचे प्राण गेले. त्यांत बायका होत्या, लेकरे होती. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने गोवारी आणि गोंड गोवारी एक नव्हेत असा निर्णय दिला.

पालकहो, आज आमच्या ग्रंथालयात एक कोरी वही ठेवली आहे. आपल्या मूळ गावी गुरे राखणाऱ्याला काय म्हणत, तो शब्द आणि गावाचे नाव तिच्यात लिहावे. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना आधी विचारावे.