अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं पोट



अपुऱ्या दिवसांचं बाळ घरी आलं की भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘वजन किती भरलं?’ त्या वजनाची बरीचशी घडामोड बाळाच्या आतड्यात चालते. आज बोलायचं आहे ते तिथल्या जिवाणूंविषयी.

३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेलं मूल अपुऱ्या दिवसांचं. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली, त्यांतली ३० लाखांच्या आसपास भारतात.

आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल ऑलिगोसॅकराइड नावाच्या शर्करा असतात. नवल असं, की बाळाला त्या पचवताच येत नाहीत. त्या पचवतात बिफिडोबॅक्टेरियम हे जिवाणू. त्यातून तयार होणाऱ्या आम्लामुळे उपद्रवी जंतूंना आतड्यात थारा मिळत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हा शेजार उशिरा लाभतो. सिझेरियन, काचेची पेटी, नळीतून दूध आणि संसर्गाच्या धास्तीने पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिक. मग क्लेब्सिएला, एन्टेरोकॉकस असे रुग्णालयात वावरणारे जंतू आधी ठाण मांडतात.

याचा पुढच्या वाढीशी काय संबंध? फिनलंडमधला २०२१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. बारा हजारांहून अधिक मुलं त्यात होती. जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अँटिबायोटिक मिळालेल्या मुलग्यांची उंची आणि वजन सहा वर्षांपर्यंत कमी राहिलं. मुलींत तसं दिसलं नाही. मूळ आजारामुळेच वाढ खुंटली असेल, ही शंका रास्त आहे. म्हणून संशोधकांनी अशा बाळांच्या शीतले जिवाणू जंतुविरहित उंदरांना दिले, तेव्हा नर उंदरांचीही वाढ मंदावली. ही बाळं पूर्ण दिवसांची होती, हे मात्र विसरू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तर ही औषधं कितीतरी अधिक मिळतात. जीव वाचवायला ती लागतातच. पण संसर्ग नाही असं दिसल्यावर ती वेळीच थांबवणं, हीसुद्धा शुश्रूषाच आहे.

‘मग चांगले जिवाणू बाहेरून द्यावेत की!’ डॉ. पिनाकी पाणिग्रही यांनी ओडिशात साडेचार हजार नवजातांवर हा प्रयोग केला. २०१७ साली निष्कर्ष आले: रक्तातला जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी कमी. पण ती बाळं दोन किलोंच्या वरची होती. फार लहान बाळांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये सावधगिरीचा इशारा दिला, कारण अशा एका बाळाचा मृत्यू दिलेल्या जिवाणूच्याच संसर्गाने झाला होता. तेव्हा डॉक्टरांना न विचारता दुकानातली पुडी आणून देऊ नका.

आईचं दूध हा खात्रीचा मार्ग आहे. ते पुरत नसेल तर दात्या मातेचं. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात आशियातली पहिली दुग्धपेढी उभी केली. तुमच्या घरात बाळंतीण असेल आणि तिचं दूध बाळाला पुरून उरत असेल, तर जवळच्या दुग्धपेढीत चौकशी करा.