नवें गांव कोणी आंखावें?

श्रोतेहो, नवी वसाहत कशी असावी हा विषय निघाला म्हणजे आपणां शहरवासीयांच्या डोळ्यांसमोर मोठीं नगरेंच उभीं राहतात. मी मात्र आज आपणांस मराठवाड्यांतील कांहीं खेड्यांकडे नेणार आहें.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. सुमारें आठ हजार माणसें प्राणांस मुकलीं. पुढें जागतिक बँकेच्या साहाय्यानें राज्य शासनानें पुनर्वसनाचें कार्य हातीं घेतलें व ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं.

हीं गांवें बहुतेक शहरी धर्तीचीं: सरळ, रुंद रस्ते व ओळींत उभीं घरें. जमिनीच्या मालकीवरून घराचें माप ठरलें. सर्वांत लहान २५० चौरस फूट, सर्वांत मोठें ७५०. माझ्यासारख्या शिक्षकाला ती वहींतल्यासारखी आंखणी प्रथमदर्शनीं आवडली, हें कबूल करतों. मग एका आजींनीं मला आपलें घर दाखविलें. म्हणाल्या, "गुरुजी, घर पक्कं आहे, नांव ठेवायला जागा नाही. पण बैल कुठं बांधूं? अन् भावकी राहिली त्या टोकाला."

जुन्या वाड्यांत अंगण होतें, गोठा होता, धान्याला जागा होती. शिवाय गांव पसरलें म्हणजे नळ लांबतो, गटार लांबतें, दिवे वाढतात. आणि त्यांच्या दुरुस्तीचा भार अखेर ग्रामपंचायतीच्या माथीं येतो.

मग लोकांना विचारलें नव्हतें काय? विचारलें होतें. इतकेंच नव्हे, तर दूरची जागा व रुंद रस्ते पुष्कळ ठिकाणीं लोकांनींच मागितले. ज्यांनीं आपलीं मुलें दगडांखालून काढलीं, त्यांना अरुंद बोळाचें भय वाटावें यांत नवल तें काय? परंतु त्या भयाच्या दिवसांत दिलेलें उत्तर जन्मभराच्या घराला कायमचें लागू करावें, हें मला पटत नाहीं. शिवाय सभेंत बोलतात कोण? मी कित्येक वर्षें वर्गांत "समजलें कां?" असें विचारीत आलों. सारा वर्ग "हो" म्हणे. त्या होकाराची खरी किंमत मला उत्तरपत्रिका तपासतांना कळे.

जीं गांवें हलविलीं नाहींत, तेथली हकीकत निराळी आहे. तेथें घरमालकाला हप्त्याहप्त्यानें साहाय्य मिळालें व दुरुस्ती त्यानें स्वतः करावयाची होती. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या सहकार्यानें गांवोगांवच्या स्त्रिया 'संवाद सहायक' झाल्या. हप्ता केव्हां मिळतो, भिंतींत आरपार दगड कां बसवावयाचा, हें त्या घरोघर समजावून सांगत व लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेत. येथें प्रश्न एकदांच विचारून संपला नाहीं. भिंत उभी राहीपर्यंत तो चालूच राहिला. आणि ज्या चुलीपाशीं बसतात, पाणी भरतात, त्यांच्याकडूनही उत्तर आलें.

त्या आजींकडे मी पुन्हां गेलों होतों. घराच्या बाजूला त्यांनीं स्वखर्चानें पत्र्याचा गोठा उभारला आहे. तो थोडा रस्त्यावर आला आहे, आणि ग्रामसेवक त्याबद्दल अद्याप कांहीं बोललेला नाहीं.