तो पुन्हा करेल का?

आजचा विषय जड आहे. लैंगिक अत्याचाराबद्दल बोलणार आहे, ऐकवत नसेल तर खुशाल बंद करा.

गेल्या आठवड्यात एकीचा व्हॉइस मेसेज आला. तिच्या नात्यातला एक माणूस अशाच गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटतोय. आई म्हणते, सुधारला असेल. ती विचारते, "ताई, तो पुन्हा करेल का?"

माझ्या तोंडावर उत्तर तयार होतं: करणारच! पण मग वाचायला बसले. १९९८ मध्ये ६१ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. चार-पाच वर्षांत साधारण १३ टक्के जणांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याचं नोंदलं गेलं. अर्थात, ज्यांची तक्रारच झाली नाही ते यात नाहीत.

मग प्रत्येकाचा धोका मोजायचा कसा? कार्ल हॅन्सन आणि डेव्हिड थॉर्नटन यांनी १९९९ मध्ये 'स्टॅटिक-९९' बनवलं. दहा मुद्दे, प्रत्येकाला गुण. वय किती? आधी असे गुन्हे होते का? पीडित व्यक्ती अनोळखी होती का? गंमत म्हणजे, 'पश्चात्ताप झालाय का' हा मुद्दाच नाही. कारण गुन्हा नाकारणं किंवा पीडितेबद्दल कळवळा नसणं, यावरून पुढचं काही कळत नाही असं त्याच ६१ अभ्यासांत दिसलं. म्हणजे तो रडला म्हणून सुधारला, असं नाही.

हे मोजमाप कितपत बरोबर? पुन्हा गुन्हा केलेला एक आणि न केलेला एक, अशा शंभर जोड्या घ्या. साधारण सत्तर जोड्यांत पहिल्याचे गुण जास्त निघतात. नुसत्या अंदाजापेक्षा चांगलं, पण तीस वेळा चूक!

आणि एक गोष्ट. पीडित घरातलीच असेल तर या यादीत गुण कमी पडतात. म्हणजे धोका 'कमी' निघतो. पण हा आकडा गटाचा असतो. शंभरातल्या कुठल्या तेरांत हा माणूस बसतो, हे तो सांगत नाही.

म्हणून मी तिला एवढंच कळवलं: तो पुन्हा करेल का, मला माहीत नाही, कुणालाच खात्रीने माहीत नसतं. पण त्याला घरातल्या मुलांसोबत एकटं सोडायचं नाही, हे ठरवायला आकडा लागत नाही. आईला हे सांग. मुलांच्या बाबतीत शंका आली तर १०९८ लाव.

तिचा रिप्लाय आला: "आज रात्री आईशी बोलते."

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.