कथेचा मुलूख



कथा लिहू पाहणारी तरुण मंडळी भेटली म्हणजे त्यांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. कथानक कोठून आणावे, पात्रे जिवंत कशी करावीत, संवाद किती असावेत, शेवटास कलाटणी हवीच का, अशी ती विचारणा असते. परंतु कथा जेथे घडते ती जागा कोठून आणावी, हे सहसा कोणी विचारीत नाही. जागेचे काय, एक नाव लिहिले, दोन डोंगर उभे केले आणि थोडे धुके सोडले की काम झाले, अशी आपली समजूत असते. लोणावळा-खंडाळा या जोडनावावर तर हा अन्याय फारच झाला आहे. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग खुला झाला आणि मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू कुटुंबांस हा घाटमाथा हवा पालटण्याचे ठिकाण म्हणून परिचित झाला. तेव्हापासून किती कथानायक व नायिका तेथे गेल्या, रुसल्या, पावसात भिजल्या आणि समेट करून परतीच्या गाडीत बसल्या, याची गणतीच नाही. अशा कथेतील लोणावळा खोडून तेथे महाबळेश्वर लिहिले, तर पुढचे एक वाक्यसुद्धा बदलावे लागत नाही.

आजच्या भाषणात मला सांगायचे आहे ते या कसोटीविषयी. आपण लिहिलेली कथा उचलून दुसऱ्या गावी नेऊन ठेवावी. ती तेथेही जशीच्या तशी नांदू लागली, तर समजावे की आपण नाव लिहिले, गाव लिहिले नाही. ती मोडली, तिचा एखादा सांधा निखळला, तर गाव कथेत खरोखर उतरले आहे.

मराठीत लेखनतंत्राचा पद्धतशीर विचार ना. सी. फडके यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ या ग्रंथात मांडला. प्रतिभा ही आकाशातून पडणारी वस्तू नसून तिची साधना करता येते, हा धीर त्या ग्रंथाच्या नावातच आहे, आणि त्या धीरावर कित्येक नवे लेखक लिहिते झाले. कथानकाची गुंफण कशी करावी, वाचकाची उत्कंठा कशी राखावी, हे ज्यास शिकायचे आहे त्याने आजही त्या ग्रंथाकडे जावे. पण ज्या मुलखात आपण जन्मलो नाही त्या मुलखाची कथा लिहिण्याचा अधिकार कसा मिळवावा, याचे उत्तर मला एका कादंबरीकाराच्या आयुष्यक्रमात अधिक स्पष्ट दिसते. ते कादंबरीकार म्हणजे मावळात, तळेगाव दाभाडे येथे, घर करून राहिलेले गो. नी. दांडेकर.

गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचा जन्म १९१६ सालचा, विदर्भात परतवाडा येथला. तेराव्या वर्षी त्यांनी घर सोडले. पुढे गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, भटकले, नर्मदेची परिक्रमा केली, आणि शेवटी मावळात स्थिरावले. म्हणजे मावळ हा त्यांचा जन्मप्रांत नव्हे. तरीही १९५५ साली त्यांनी ‘पवनाकाठचा धोंडी’ लिहिली आणि १९५८ साली ‘माचीवरला बुधा’. एकीत तुंग किल्ल्याच्या परिसरातील धोंडी हवालदार आहे, तर दुसरीत राजमाचीवरला एक म्हातारा. १९७६ साली त्यांच्या ‘स्मरणगाथा’ या आत्मकथनात्मक कादंबरीस साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि १९९८ साली ते निवर्तले.

‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी नव्या लेखकाने एकदा केवळ रचनेच्या दृष्टीने वाचून पाहावी. मुंबईत मन न रमलेला एक वृद्ध आपल्या माचीवर परत येतो. झाडे, पाखरे आणि जनावरे यांच्या सोबतीने दिवस काढतो, आणि तेथेच देह ठेवतो. यात खलनायक नाही, रहस्य नाही, प्रेमाचा त्रिकोण नाही. संवादासाठी माणसेसुद्धा फारशी नाहीत. तंत्राच्या नेहमीच्या हिशेबाने ही कादंबरी चार प्रकरणांतच बसकण मारावयास हवी होती. मग ती चालते कशावर?

ती चालते राजमाचीवर. या किल्ल्याची ठेवण जरा डोळ्यांपुढे आणा. श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, त्यांच्या खांद्याशी माची, माचीवर उधेवाडीची लहानशी वस्ती. एका अंगास कोकण खोल खाली पडलेले, आणि दुसऱ्या अंगाने लोणावळ्याहून यावे तर रानातून कित्येक तासांची चाल. जागा एवढी आडवळणी आहे म्हणूनच तेथे एकटा राहणारा माणूस खरोखर एकटा असतो. हाच म्हातारा रस्त्याकाठच्या एखाद्या भरल्या गावात आणून बसवा. सकाळी शेजारीण भाकरी घेऊन येईल, दुपारी पारावर पत्ते पडतील, संध्याकाळी कोणी मुलाचे पत्र वाचून दाखवील. दहाव्या पानावर कादंबरी संपेल. बुधाचे एकटेपण लेखकाने विशेषणांनी रंगविलेले नाही. ते त्या चढाने निर्माण केलेले आहे. जागा कथेचे कारण होते म्हणतात ती अशी.

यालाच जोडून एक गोष्ट सांगतो. मावळातला म्हातारा मुंबईस गेलाच का, हा प्रश्न कादंबरीच्या बाहेरचा आहे, पण लेखकाच्या अभ्यासाच्या आतला आहे. वळवण, शिरोता आणि लोणावळा येथील तलावांत पाणी अडवून ते घाटाखाली खोपोलीस सोडायचे, त्यावर वीज तयार करायची आणि मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, ही टाटांची योजना १९१५ साली सुरू झाली. ज्या घाटाने मावळचे पाणी मुंबईकडे उतरले, त्याच घाटाने मावळची माणसेही पोटासाठी उतरली. हे कथेत एका अक्षरानेही सांगू नये. पण लेखकास ते ठाऊक असले की त्याच्या पात्राचे पाऊल योग्य ठिकाणी पडते.

आता असे गाव लेखकास लाभावे कसे? मला तीन वाटा दिसतात.

पहिली वाट पायांची. दांडेकर सह्याद्रीतील किल्ले आयुष्यभर पायी हिंडले. मोटारीतून दिसणारा डोंगर हे चित्र असते. चढताना तोच डोंगर वेळ होतो, तहान होतो, धाप होतो. पात्राने अमुक गावाहून तमुक गावी जाऊन संध्याकाळी परत यावे असे आपण सहज लिहून जातो, पण ते त्याच्या पायांना शक्य आहे काय, हे आपल्या पायांना आधी कळले पाहिजे.

दुसरी वाट ऋतूंची. लोणावळ्यास पडणाऱ्या पावसाचा चौथा हिस्साही पुणे शहरास मिळत नाही, आणि दोहोंत अंतर अवघे साठ-पासष्ट किलोमीटरांचे आहे. एवढ्या टापूत पावसाचे स्वभाव किती पालटत असतील! बंगल्याच्या व्हरांड्यातून पाहणाऱ्यास आषाढ म्हणजे धुके. तेथील घरधनिणीस आषाढ म्हणजे जळण. मृगापूर्वी सरपण रचून ठेवलेले नसेल, तर पुढचे दोन महिने चूल पेटणार नाही, नुसती धुमसेल. ज्येष्ठात सुनेने सरपणाची हयगय केली आणि आषाढात सासूचा शब्द तिखट झाला, एवढ्यावर एक उत्तम कथा उभी राहील, आणि ती मराठवाड्यात नेता येणार नाही. तीच गोष्ट कारवीची. ती सात वर्षांनी एकदा फुलते, म्हणून आपण छायाचित्रे घेण्यास धावतो. डोंगरातल्या माणसास कारवी म्हणजे घराच्या कुडाची भिंत. आणि एखादी बाई लग्न होऊन आली त्या वर्षी कारवी फुलली होती, आता ती तिसऱ्यांदा फुलते आहे, असे म्हटले तर चौदा वर्षांचा संसार एका ओळीत मोजून होतो. तेथील माणसे काळ मोजतात ती मापे लेखकास सापडली, म्हणजे वर्णनाचा पसारा आपोआप कमी होतो.

तिसरी वाट कानांची. राब भाजणे, चिखलणी, आवणी, खाचर, इरले हे शब्द कोशात मिळतील. परंतु ते कोणत्या क्षणी, कोणत्या सुरात उच्चारले जातात, हे कोश सांगत नाही. दांडेकरांचा कान या बाबतीत विलक्षण होता. ‘पडघवली’त कोकणातल्या घरातील बाईचे बोलणे, ‘पूर्णामायची लेकरं’मध्ये वऱ्हाडी, ‘पवनाकाठचा धोंडी’मध्ये मावळची बोली. मुलूख पालटला की भाषेची चाल पालटली. मात्र येथेच नवा लेखक हमखास घसरतो. चार ग्रामीण शब्द वाक्यात पेरले आणि क्रियापदे वाकडी केली की बोली साधली, असे त्यास वाटते. मग वाचक अडखळतो आणि त्या गावचा माणूस हसतो. बोली ही विचार करण्याची रीत आहे. मावळातला शेतकरी नाही म्हणताना कधीकधी नाही हा शब्दच वापरत नाही. तो पावसाचे काही बोलतो, बैलाचे काही बोलतो, आणि समोरचा समजून उठतो. ते उठणे पानावर आले, तर शब्द शुद्ध असले तरी बोली आली.

कोणी विचारील, आम्ही शहरात वाढलेली माणसे, आम्ही या वाटेस जावेच का? दांडेकरांचे उदाहरण मी त्यासाठीच घेतले. ते बाहेरून आले आणि आतले झाले. ज्यास तेवढे शक्य नाही त्याच्यासाठी दुसराही प्रामाणिक मार्ग आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालचीच. तीत धनगरांची वाडी दिसते ती तेथे नव्याने आलेल्या तरुण मास्तराच्या डोळ्यांनी. जे मास्तरास कळत नाही ते लेखकही कळल्याचा आव आणीत नाही. आणि शेवटी ती वाडी उठते ती कोणा दुष्टामुळे नव्हे, तर माणदेशच्या दुष्काळामुळे. तेथेही जागाच कथेचे कारण आहे. आपण परके असू, तर कथेत परका म्हणूनच उभे राहावे. आतल्याचे सोंग घेऊ नये.

या साऱ्या गोष्टी केवळ कारागिरीच्या आहेत असे कोणी समजू नये. ‘पवनाकाठचा धोंडी’ लिहिली गेली तेव्हाचा पवनाकाठ आज जागेवर नाही. १९७२ साली पवना धरण पुरे झाले, आणि तुंगच्या पायथ्याची खाचरे, वाटा, घरे पाण्याखाली गेली. उठलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे कित्येक दशके रेंगाळला. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचे पाणी बंद नळांतून पिंपरी-चिंचवडकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी बऊर येथे द्रुतगती मार्गावर उतरले, आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा अंत झाला. आज तुंगवर उभे राहून खाली पाहिले म्हणजे निळे, शांत, अतिशय देखणे पाणी दिसते. त्याच्या काठी तंबू ठोकून राहणाऱ्यास खाली काय आहे हे कोण सांगणार? धरणाच्या दप्तरात हेक्टर सापडतील, घनफूट सापडतील. त्या खोऱ्यातला माणूस आपल्या बांधावर उभा राहून कसा बोलत असे, मानापमानासाठी कसा झगडत असे, हे एका कादंबरीत उरले आहे. लेखकाने तेव्हा पाय आणि कान झिजविले नसते, तर तेवढेही उरले नसते.

आणि म्हणूनच जो आज मावळावर कथा लिहील त्याची जबाबदारी थोडी नाही. जमीन विकलेला बाप आणि त्या पैशाने मोटार घेतलेला मुलगा, आपल्याच पूर्वीच्या शेतावर उभ्या राहिलेल्या बंगल्याची राखण करणारा माळी, धरण उशाशी असून डोक्यावर हंडा वाहणारी बाई, ही माणसे कथेची वाट पाहत आहेत. त्यांच्या तोंडी भाषण घालू नका. माळ्यास नव्या मालकाने विचारावे, विहीर कोठे खणावी? आणि त्याने न अडखळता जागा दाखवावी. ती जागा त्यास कशी ठाऊक, हे मालकाने विचारू नये आणि लेखकानेही सांगू नये. वाचकास कळेल.

शेवटी एक लहानसा व्यवहार सांगतो. आपल्यास जवळ असलेली एकच वाट निवडावी. वर्षातून चार वेळा, चारही ऋतूंत, ती पायी चालावी. दर खेपेस एकाच माणसाशी बोलावे, आणि त्यास आपण लेखक आहो हे सांगण्याची घाई करू नये. घरी येऊन एक पान लिहावे, आणि ते मोठ्याने वाचावे. दांडेकरांच्या कन्या वीणा देव आणि त्यांच्या कुटुंबीयांनी त्यांच्या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचे प्रयोग गावोगाव केले, आणि सभागृहे ते तास तास ऐकत राहिली, याचे कारण ते गद्य कानाने मिळविलेले होते. आपले पान वाचताना जेथे जीभ अडेल, तेथे बहुधा आपण पाहिलेले नसते, कल्पिलेले असते. त्या ओळीवर खूण करावी, आणि पुढच्या खेपेस तेवढ्यासाठी पुन्हा ती वाट चालून यावे.