गोधडी ऑनलाइन विकायची तर आधी मशीनशी स्पर्धा सोडा

(एपिसोडचं लिखित रूप. बोलीतलं बरंचसं तसंच ठेवलंय.)

आजचा एपिसोड राहात्यातून रेकॉर्ड होतोय, त्यामुळे मागे मध्येच उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी ऐकू आली तर सांभाळून घ्या.

बऱ्याच जणांचे मेसेज येतात. 'आई छान विणते', 'मावशी गोधड्या शिवते', 'ऑनलाइन दुकान कसं टाकायचं?' आणि मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला असतो: 'वेबसाइटला किती लागतील?' वेबसाइटचं शेवटी बोलू. ते सगळ्यात सोपं काम आहे, एका संध्याकाळचं. अवघड भाग वेगळाच आहे.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंचं उदाहरण घेतो. काकू आणि त्यांच्या बचत गटातल्या चार जणी, अशा पाच बाया गोधड्या शिवतात. सगळं हाताने. जुनी सुती लुगडी, साड्या धुवायच्या, वाळवायच्या, थरावर थर अंथरायचे आणि मग कडेपासून आत आत जात धावदोऱ्याचे टाके घालत राहायचं. एका सिंगल गोधडीला किती वेळ लागतो असं विचारलं की काकू म्हणायच्या, 'जातात की रे आठ-पंधरा दिवस.' मी त्यांच्या फोनमध्ये स्टॉपवॉच लावून दिला. बसल्या की सुरू, उठल्या की बंद. आकडा आला साधारण ४० तास. गावात शिलाई मिळायची ५०० रुपये. म्हणजे तासाला साडेबारा रुपये! खुरपायला गेलं तरी याच्या तिप्पट सुटतात. काकूंनी तो आकडा बघितला आणि एवढंच म्हणाल्या, 'म्हणून सुना शिकत नाहीत.'

माझ्यासाठी हा सगळा विषय त्या एका वाक्यात आहे. दुकान ऑनलाइन टाकून तासाला साडेबाराचे साठ होणार नसतील, तर आपण फक्त काकूंच्या कामात फोटो काढायचं एक काम वाढवलं.

तर पहिल्यांदा गटाने काय केलं? सगळे करतात तेच. एका मोठ्या ऑनलाइन बाजारात खातं उघडलं, फोटो टाकले, किंमत लावली १८०० रुपये. आता ग्राहकाच्या बाजूने बघा. तो 'गोधडी' असं सर्च करतो. समोर येतात पन्नास गोधड्या, ५९९ ला, ६९९ ला. कारखान्यात शिवलेल्या. काहींवर तर ठिगळांचं नुसतं प्रिंट आहे, ठिगळ नाहीच. आणि सहा इंची पडद्यावर ती आणि काकूंची गोधडी डिट्टो सारखी दिसते. सगळी गोम इथेच आहे. गोधडीचं वजन, ऊब, धुऊन धुऊन मऊ झालेलं सूत, टाक्यांवरून बोट फिरवलं की लागणारी ती नक्षी, यातलं काहीच फोटोत येत नाही. फोटोत येतो फक्त रंग, आणि रंगात मशीन आपल्याला हरवते.

दोन गोधड्या गेल्या. त्यातली एक आठ दिवसांनी परत आली, हळदीचा डाग घेऊन. पैसे आपोआप कापले गेले, वर परतीचा खर्चही गटाच्या माथी. कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण ही एका कंपनीची गोष्ट नाही, ही पद्धतच तशी आहे. परतीचे नियम कारखान्याच्या मालासाठी बनलेत. हजार नगांमागे काही परत येणार, हे कारखानदाराने किमतीत आधीच धरलेलं असतं. काकूंच्या घरी महिन्याला दोन नग होतात. त्यातला एक खराब होऊन आला की अर्धा महिना गेला.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेत एट्सी नावाचा बाजार २००५ मध्ये निघाला तो हाताने केलेल्या वस्तूंसाठीच. २०१३ मध्ये त्यांनी बाहेरच्या उत्पादकांकडून माल बनवून घ्यायला परवानगी दिली. २०२२ मध्ये व्यवहारावरची फी ५ टक्क्यांवरून ६.५ टक्के केली, तेव्हा बऱ्याच विक्रेत्यांनी एक आठवडा दुकानं बंद ठेवून संप केला होता. बाजार मोठा झाला की त्याला नग जास्त लागतात, आणि हाताचा नग काही जास्त होत नाही. गणित तिथेच फिसकटतं.

मग करायचं काय? याचं अर्धं उत्तर आपल्याच रस्त्यावर आहे. राहात्यातून नगर-मनमाड रोडने उत्तरेला निघा. शिर्डी, कोपरगाव आणि मग येवला. (रस्त्याच्या अवस्थेवर मी काही बोलत नाही, तुम्हाला माहितीये.) येवल्याच्या पैठणीला हा त्रास आपल्या कितीतरी आधीपासून आहे. हातमागावर एका पैठणीला महिना, नक्षी भरगच्च असेल तर अनेक महिने. आणि ऑनलाइन 'पैठणी' म्हणून दोन हजारांना जी मिळते ती पॉवरलूमची. फोटोत तीही मोरच दाखवते.

पण येवल्याच्या दुकानदारांचे व्हिडिओ नीट बघा. ते पदर उलटा करून दाखवतात. हातमागाच्या पैठणीची नक्षी उलट्या बाजूनेही तशीच स्वच्छ दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा हाताने शेजारच्या धाग्यात गुंतवलेला असतो. मशीनच्या साडीत मागे सुटे धागे लोंबतात, म्हणून पुष्कळदा तिथे जाळी लावून ते झाकतात. म्हणजे बघा, दहा सेकंदांच्या व्हिडिओत ग्राहकाला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येईल असा पुरावा. सोबत हँडलूम मार्क, सिल्क मार्क, पैठणीचं जीआय, हे सगळं आहेच. पण मला त्या उलट्या पदराचं जास्त कौतुक वाटतं. 'ऑथेंटिक', 'प्युअर', 'ट्रॅडिशनल' असले शब्द कोणीही टाइप करू शकतो.

म्हणून तुमची वस्तू कुठलीही असो, मातीची, वेताची, लोकरीची, तिचा 'उलटा पदर' कुठे आहे ते आधी शोधा. आम्ही गोधडीचा शोधला. मागची बाजू, उन्हात तिरकी धरून. हाताचे टाके एकसारखे नसतात, कुठे भाताएवढे, कुठे तिळाएवढे, आणि ओळ थोडी वाकते. मशीनची ओळ सरळसोट जाते. आता आमच्या प्रत्येक रीलची सुरुवात मागच्या बाजूने होते. वर गाणं लावत नाही. सुई कापडातून ओढताना दोऱ्याचा जो सर्रकन आवाज येतो तोच ठेवतो. काकूंना चेहरा दाखवायचा नव्हता, तर नाही दाखवला. हात, बांगड्या आणि सुई. तेवढं पुरतं. आणि हो, बायांना विचारल्याशिवाय व्हिडिओ टाकू नका रे. 'रील व्हायरल होईल' हे काही परवानगी मागणं नाही.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग काकूंकडूनच आला. त्या म्हणाल्या, 'अरे, आपण गोधडी कधी विकायचो का? ज्याची लुगडी, त्याची गोधडी. लोक कापड आणून द्यायचे.' आणि खरंच! गावात कायम असंच चालायचं. कापड तुमचं, शिलाई माझी. आम्ही तेच ऑनलाइन केलं. आता दुकानात तयार गोधडी जवळपास नाहीच. तुम्ही तुमच्या आजीच्या, आईच्या साड्या पाठवायच्या, त्यांची गोधडी तुम्हाला परत येते. बाळाच्या बारशासाठी छोटी हवी असेल तर छोटी.

यात काय काय सुटलं बघा. माल साठवायला नको. अर्धे पैसे आधी यूपीआयने, त्यामुळे कॅश ऑन डिलिव्हरीची भानगड नाही. परत करायचा प्रश्न जवळपास संपतो, कारण स्वतःच्या आजीची साडी कोण परत करेल? आणि मुख्य म्हणजे ५९९ वाल्याशी तुलनाच बंद. त्याच्याकडे तुमच्या आजीचं लुगडं नाहीये.

किंमत अशी काढली. ४० तास, तासाला ६० रुपये, झाले २४००. दोरा, अस्तर आणि पॅकिंगचे ४००. एकूण २८००, कुरिअर वेगळं. 'एवढे?' असं विचारणारे रोज असतात. त्यांना आम्ही हाच हिशोब पाठवतो. काही जण गप्प होतात, काही ऑर्डर देतात. डिस्काउंट मात्र कुणालाच नाही, कारण डिस्काउंट द्यायचा म्हणजे काकूंचे तास कापायचे. पाच बायांची ताकद महिन्याला सात-आठ गोधड्यांची आहे, पेरणी-काढणीत त्याहून कमी. मग थांबायला सांगतो. लोक थांबतात.

पण यात जबाबदारी फार मोठी आहे, हे आधीच सांगतो. चिंचवडच्या एका ताईंनी वारलेल्या आजीची सहा लुगडी पाठवली होती. हरवली तर भरपाई कशी देणार? म्हणून पार्सल आलं की व्हिडिओ चालू ठेवूनच उघडायचं, प्रत्येक साडीचा फोटो, व्हॉट्सअॅपवर यादी. आधी कोपरा ओला करून रंग जातो का बघायचं. नायलॉनच्या साड्या घेत नाही, त्या थरात सरकतात. जरीचा काठ अंगाला टोचतो, तो काढून वेगळा परत पाठवतो. उरलेले तुकडेही परत. त्या सहातल्या एका लुगड्यावर जुना रफू होता. मी म्हणालो, हा भाग आत घालू, दिसणार नाही. काकू म्हणाल्या, 'थांब, आधी त्या पोरीला विचार.' विचारलं. ताईंचा व्हॉइस मेसेज आला, की तो रफू वरतीच हवा, आजीने कंदिलाजवळ बसून घातलेला आहे. गोधडीच्या मधोमध आहे तो आता.

आता पटापट कामाच्या गोष्टी.

कुरिअर. खाजगी कुरिअरवाले बऱ्याचदा खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. ४० बाय ३० बाय २५ चा खोका म्हणजे ६ किलो, आत गोधडी अडीच किलोची असली तरी! तीच गोधडी दाबून, दोरीने आवळून उंची १० वर आणली की २.४ किलो. निम्म्याहून जास्त खर्च वाचला. पोस्टाच्या स्पीड पोस्टचा भावही विचारून ठेवा, खेड्यात पोचायला पोस्टच बरं.

जीएसटी. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला, उलाढालीच्या मर्यादेत, जीएसटी नोंदणी नसतानाही ऑनलाइन बाजारात माल विकता येतो, फक्त पोर्टलवर एनरोलमेंट नंबर काढावा लागतो. पण विक्री आपल्याच राज्यात. शिर्डीला येणारे पुष्कळ भाविक आंध्र-तेलंगणाचे, त्यामुळे आम्हाला हे लगेच नडलं. परराज्यात थेट, म्हणजे बाजाराच्या अॅपशिवाय विकायचं तर हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना वेगळी सूट आहे, तिची यादी आहे. तुमची वस्तू त्यात बसते का, हे सीएकडून बघून घ्या. यूट्यूबवरून नाही.

सरकारी बाजूला, गट 'उमेद'मध्ये असेल तर उमेद मार्ट आहे, मुंबईचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन आहे. प्रदर्शनात वस्तू हातात घेऊन बघता येते, म्हणून तिथे जाताना प्रत्येक नगाला क्यूआर कोडचं लेबल लावा. हाताला लागलेली वस्तू लोक नंतर फोनवर शोधतात.

आणि नाव. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं, तो गोंधळ आठवत असेल. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय आहे, तरी लोकांनी ओरडा केल्यावरच कंपनीने मूळ मान्य केलं. मग आपणच आपल्या वस्तूला 'हँडमेड बोहो क्विल्ट' का म्हणायचं? आम्ही 'गोधडी'च लिहितो. मराठीत, आणि रोमन लिपीत लोक तीन-चार प्रकारे स्पेलिंग टाकतात ती सगळी खाली वर्णनात. सर्चमधून येणारे बहुतेक जण तिथूनच येतात.

राहिली वेबसाइट. पहिले सहा महिने व्हॉट्सअॅप बिझनेसचा कॅटलॉग आणि इन्स्टाग्राम, दोन्ही फुकट. रोज तेच तेच प्रश्न यायला लागले तेव्हा साइट केली. एकच पान आहे. कुठल्या साड्या चालतात, किती लागतात, पैसे किती, कधी मिळेल. सगळ्यात वरची ओळ काकूंनी सांगितली तशीच टाकली आहे: 'घाई असेल तर बाजारातून घ्या.' तिच्या खाली पुढची मोकळी तारीख असते. ती तारीख आता काकू स्वतः फोनवरून बदलतात. सध्या दिवाळीनंतरची चालू आहे.