नौका-कारागिरांची मजुरी आणि कायदा
(नौका-कारागिरांसमोर केलेले भाषण)



पावसाळा तोंडावर आला की आपल्या किनाऱ्यावरील मासेमारी नौका वर ओढल्या जातात. सुतार कुजलेल्या फळ्या बदलतात, मेकॅनिक इंजिने उघडतात, रंगारी रंग चढवतात. नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा होते आणि त्याच नौका पुन्हा समुद्रात जातात. कारागिराची मजुरी मात्र पुष्कळदा ‘पहिली मासळी येऊ द्या’ या आश्वासनावर किनाऱ्यावरच राहते. मालकाची अडचण खरी असेलही; परंतु कारागिराच्या घरची चूलही त्याच मजुरीवर पेटते. अशा वेळी कायदा आपणांस कोणता आधार देतो, हे आज पाहावयाचे आहे.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० मध्ये एक मोलाचा हक्क सांगितला आहे. एखादी वस्तू कामासाठी आपल्या ताब्यात दिली गेली आणि तिच्यावर आपण श्रम वा कौशल्य वेचून ठरलेले काम पुरे केले, तर त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू आपणांस अडवून ठेवता येते. यालाच धारणाधिकार म्हणतात. हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचे उदाहरण कायद्यातच दिलेले आहे. नौकेलाही हेच तत्त्व लागू पडते.

मात्र या हक्काच्या मर्यादा नीट ध्यानी घ्याव्यात. नौका आपल्या ताब्यात असेल तरच हा हक्क असतो. मालकाच्याच ताब्यातील नौकेवर जाऊन इंजिन दुरुस्त करणाऱ्यास तो मिळत नाही. दुरुस्तीसाठी इंजिन आपल्या कारखान्यात आणले असेल, तर त्या इंजिनापुरता मिळतो. काम होताच वस्तू देण्याचे व पैसे तीन महिन्यांनी घेण्याचे कबूल केले असेल, तर ती अडवता येत नाही. शिवाय हा हक्क अडवून ठेवण्याचा आहे, परस्पर विकण्याचा नव्हे.

नौका एकदा हातची गेली की पुढे काय? सागरी दाव्यांविषयीचा २०१७ चा अधिनियम १ एप्रिल २०१८ पासून अमलात आला. दुरुस्तीच्या थकलेल्या रकमेसाठी नौका अटकावून ठेवण्याचा आदेश त्यान्वये मुंबई उच्च न्यायालयाकडे मागता येतो. अंतर्देशीय जलयानांना मात्र तो लागू नाही. या कायद्यात खलाशांच्या वेतनाचा बोजा नौकेबरोबर जातो. मालक बदलला तरी तो दोन वर्षे टिकतो. दुरुस्ती करणाऱ्यास असा बोजा दिलेला नाही. म्हणून अटकावापूर्वीच नौका खरोखर विकली गेली, तर सामान्यतः नौकेवरील त्याची पकड सुटते आणि जुन्या मालकावर दावा करणे एवढेच हाती उरते.

अमेरिकेतही हा प्रश्न उभा राहिला होता. नौकेच्या स्वतःच्या राज्यात झालेल्या दुरुस्तीसाठी सागरी कायद्यान्वये नौकेवर बोजा चढत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८१९ साली दिला. ती उणीव भरून काढण्यासाठी निरनिराळ्या राज्यांनी आपापले कायदे केले. पुढे १९१० साली संघीय कायद्याने दुरुस्ती करणाऱ्यांना सर्वत्र हा हक्क दिला. नवी नौका बांधणारा मात्र तेथे आजही राज्यांच्या कायद्यांवरच विसंबून असतो.

आपल्याकडे, मित्रहो, आपला खरा आधार दोनच गोष्टींचा आहे: ताबा आणि कागद. काम, दर व रक्कम देण्याची मुदत आरंभीच लिहून त्यावर मालकाची सही घ्यावी. जादा काम निघाल्यास तेही त्यात नोंदवावे. हिशेब पुरा झाल्याखेरीज नौका सोडू नये. विश्वासाने सोडावी लागलीच, तर बाकी रकमेची लेखी कबुली घ्यावी. रक्कम देण्याची मुदत ठरलेली नसेल, तर काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो, हेही विसरू नये. न्यायालयाची पायरी चढण्याची ऐपत नसलेल्या पात्र व्यक्तींना जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून मोफत साहाय्य मिळते.

मालक आणि कारागीर पिढ्यान्‌पिढ्या एकाच किनाऱ्यावर नांदत आले आहेत. लेखी हिशेबाने त्यांच्यातील विश्वास उणावत नाही. उलट तंट्याचे कारणच नाहीसे होते. येत्या हंगामात नौकेला हात लावण्यापूर्वी एक साधा कागद लिहिण्याची सवय आपण सर्वांनी लावून घ्यावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.