बेटावरचे शहर



आपल्या तीन वर्गांतले १४ जण नुकतेच मुंबईला जाऊन आले. जे आले नाहीत त्यांनी आम्हांला धरले, की काय काय पाहिले ते सांगा. म्हणून आज उभे आहोत. गेलेल्यांपैकी बरेच जण इथे बसलेच आहेत. आमचे काही चुकले तर त्यांनी तिथल्या तिथे टोकावे.

ह्या प्रवासाला कारण झाला एक प्रश्न. गेल्या पावसाळ्यात वर्गात जगाचा नकाशा टांगला होता. युरोप आणि आफ्रिका यांच्या मध्ये भूमध्य समुद्र आहे. त्यात माल्टा नावाचे एक बेट आम्ही दाखवले. बेट म्हणजे चोहीकडून पाण्याने वेढलेली जमीन. हा अख्खा देश आपल्या नंदुरबार तालुक्याहून लहान. त्याची राजधानी व्हॅलेटा. समुद्रात शिरलेल्या एका खडकाळ टोकावर इ.स. १५६६ मध्ये हे शहर वसवायला घेतले. भोवती दगडी तट, आत चर्च आणि राजवाडे. जगभरचे लोक ते बघायला जातात.

मागे बसलेल्या बाबांनी विचारले, "गुरुजी, चारी बाजूंनी पाणी आणि मधे गाव. मग ते गाव बुडत कसं नाही?"

बाबांची बोली पावरी. त्यांचे बोलणे आम्ही इथे आपल्या भाषेत सांगतो.

वर्गात कोणी हसले नाही. बाबांचे मूळ गाव अक्राणी तालुक्यात, नर्मदेच्या काठी. सरदार सरोवर धरणामुळे आपल्या जिल्ह्यातल्या ३३ गावांच्या जमिनीत पाणी आले. कुठे थोडे, कुठे सगळेच. बाबांचे गाव त्यांतले. आता ते तळोदा तालुक्यातल्या वसाहतीत राहतात.

आम्ही म्हणालो, "बाबा, माल्टाला जाणं आपल्याला झेपायचं नाही. पण बेटावरचं शहर आपल्याच राज्यात आहे. मुंबई. चला, बघूनच येऊ."

मग पैसे साठवले. जानेवारीत, एका रविवारी रात्री, नंदुरबारहून गाडी धरली. थोड्याच वेळात नवापूर आले. हे स्टेशन पाहण्याजोगे आहे, बरं का. अर्धे स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या मधोमध रेघ मारली आहे. रेघेच्या एका बाजूला महाराष्ट्र लिहिले आहे, दुसऱ्या बाजूला गुजरात. दोघेजण शेजारी बसले तरी दोन राज्यांत बसतात! आमच्यातल्या जाग्या असलेल्यांनी खिडकीतून फलाटावरच्या पाट्या वाचल्या. मराठी झरझर आणि गुजराती अंदाजाने.

पहाटे वांद्रे गेले आणि माहीमची खाडी लागली. आम्ही सगळ्यांना हलवून उठवले. म्हटले, "बघा, आता आपण बेटावर शिरतोय." अंधारात काळे पाणी चमकले आणि गाडी पार झाली. "एवढंच?" असे एकीने विचारले. खरोखर एवढेच. पण ह्या खाडीवर पूर्वी रस्ता नव्हता. लोक होडीने जात-येत आणि पावसाळ्यात होड्या उलटत. सरकार रस्त्याला पैसा देईना. तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी सुमारे १ लाख ५७ हजार रुपये दिले. अट घातली, की रस्त्यावर कोणाकडून टोल घ्यायचा नाही. हा रस्ता १८४५ साली खुला झाला. माहीम-दादर भागातला लेडी जमशेदजी रस्ता ह्याच बाईंच्या नावाचा.

आम्ही दादरला उतरलो. ओळखीने एक खोली मिळाली होती. तोंडे धुतली, भाकरी खाल्ली आणि थेट गेटवे ऑफ इंडिया गाठले.

गेटवे ही पिवळसर दगडाची उंच कमान आहे. इंग्रज बादशहा पाचवा जॉर्ज १९११ साली इथे उतरला, त्याची आठवण म्हणून ती बांधली. बांधून व्हायला १९२४ साल उजाडले. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण ह्याच कमानीखालून बोटीत बसून गेली. ज्या दाराने बादशहा आला त्याच दाराने त्याचे शिपाई परत गेले. समोर शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे. तो १९६१ साली बसवला.

इथे आमची फजिती व्हायची होती, ती सांगतो. घारापुरीची लेणी बघायला गेटवेवरून बोटी सुटतात. एक मनुष्य पुढे आला. म्हणाला, "चला काका, घारापुरी, घारापुरी. बोट आता सुटेल." आम्ही १४ जणांचे पैसे मोजायला लागलो. इतक्यात मागून कोणी आमची बाही ओढली. ह्या बाई नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर कामाला जातात. वर्गात येऊन त्यांना एक वर्ष झाले. बोट पाटीवर ठेवून त्या एकेक अक्षर लावत होत्या. सो... म... वा... री. मग म्हणाल्या, "गुरुजी, आज सोमवारच शे ना? आठे लिखेल शे. सोमवारे बंद."

पाटी आम्ही वाचली. खरेच होते. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. त्या माणसाला विचारले, तर तो म्हणाला, "बोट तर जाते ना! लांबून बेट बघा." आम्ही पैसे परत पिशवीत घातले. चाळीस वर्षे आम्ही मुलांना वाचायला शिकवले, आणि डोक्यावरची पाटी आम्हीच वाचली नव्हती! बाई दिवसभर प्रत्येक पाटीपुढे थांबत होत्या, आणि कोणी त्यांना घाई केली नाही.

मग बेत उलटा केला. सोमवारी वस्तुसंग्रहालय आणि मंगळवारी घारापुरी.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गेटवेपासून पायी जाण्याइतके जवळ आहे. पायाभरणी १९०५ ची. इमारत १९१४ च्या सुमारास उभी राहिली, पण तेवढ्यात पहिले महायुद्ध लागले. मग तिथे जखमी सैनिकांचा दवाखाना केला. लोकांना बघायला संग्रहालय खुले झाले ते १९२२ मध्ये. गेटवे बांधणारे जॉर्ज विटेट यांनीच ही इमारत बांधली. वरचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतला आहे.

आत जुन्या मूर्ती, चित्रे, शस्त्रे, भांडी आहेत. आम्ही मूर्तींपुढे उभे राहून बोलत होतो आणि अर्धी मंडळी नाहीशी! शोधले, तर पेंढा भरलेल्या पशुपक्ष्यांच्या दालनात सापडली. धडगावकडचा एक तरुण बोटांवर मोजत होता. म्हणाला, "गुरुजी, यातली कितीतरी पाखरं मी सातपुड्यात जिवंत पाहिलीत. इथं नावं कळली." नावे त्याने वहीत उतरून घेतली. ती वही तुम्ही जरूर बघा.

संध्याकाळी बोरीबंदरचे मोठे स्टेशन बाहेरून पाहिले. आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. दहा वर्षे बांधकाम चालले आणि १८८८ मध्ये ते पुरे झाले. भिंतींवर दगडी माकडे, मोर, पाने-फुले आहेत. आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. गर्दीत चुकामूक होईल म्हणून आम्ही तिथे फार थांबलो नाही.

मग गिरगाव चौपाटीवर वाळूत बसलो. बाबांचा प्रश्न बाकीच होता. ओल्या वाळूत आम्ही बोटाने सात गोळे काढले. म्हटले, "मुंबई पूर्वी एक नव्हती. सात बेटं होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. इथं कोळी राहत. भरती आली, की मधे पाणी चढे." ही बेटे १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिली. पुढे पोर्तुगीज राजकन्येचे इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरले. १६६१ च्या त्या करारात मुंबई आंदण दिली. राजाने १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीला भाड्याने दिली. भाडे वर्षाला फक्त १० पौंड!

"मग पाण्याचं काय झालं?" बाबा म्हणाले.

"मग बांध घातले. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधून समुद्र आत घुसे, तिथं अठराव्या शतकात मोठा बांध घातला. टेकड्या फोडून दगडमाती आणली. खाजणात भर टाकली. असं करत करत सात बेटांचं एक झालं. हा समोर दिव्यांचा रस्ता दिसतो, मरीन ड्राईव्ह, तोसुद्धा समुद्रात भर घालूनच केलाय." १८६९ मध्ये सुएझचा कालवा झाला आणि मुंबईच्या बोटी त्यातून थेट भूमध्य समुद्रात जाऊ लागल्या. मुंबईचा व्यापार आणखी वाढला.

बाबा सात गोळ्यांकडे पाहत राहिले. मग हळू म्हणाले, "म्हणजे इथं पाणी हटवून गाव केलं."

"हो."

"आणि तिकडं गाव हटवून पाणी केलं."

आम्ही गप्प बसलो. धरणाचे पाणी कुठे कुठे जाते, त्यावर किती शेते पिकतात, हे आम्हांला सांगता आले असते. वर्गात आम्ही ते सांगितलेही आहे. त्या वेळी सांगवले नाही. पथारीवरच्या बाईंनी शेंगदाण्याची पुडी बाबांपुढे केली आणि आम्ही उठलो.

मंगळवारी सकाळी बोट मिळाली. गेटवेहून घारापुरीला तासभर लागतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी ह्याच वाटेवर बोटीला अपघात होऊन माणसे दगावली. म्हणून बोटीत बसल्याबरोबर आम्ही प्रत्येकाला तरंगणारे जाकीट घालायला लावले. काहींना उकडले, ते कुरकुरले. तुम्ही कधी गेलात, तर कुरकुरा, पण घाला.

घारापुरी हे मुंबईच्या शहरातले नव्हे, वेगळे बेट. तालुका उरण, जिल्हा रायगड. धक्क्यावरून छोटी आगगाडी आहे, मग डोंगराच्या पायऱ्या. वर खडक पोखरून केलेले शंकराचे लेणे. साधारण सहाव्या शतकातले, म्हणजे १४०० वर्षांहून जुने. एकही वीट नाही, एकही दगड बाहेरून आणलेला नाही. डोंगरच आतून कोरला. समोरच्या भिंतीत तीन मुखांची मूर्ती आहे. तिला त्रिमूर्ती म्हणतात, पण तिन्ही मुखे शंकराचीच. उंची २० फुटांच्या आसपास. मधले मुख डोळे मिटून शांत आहे. आमच्या मंडळींची बडबड तिथे आपोआप थांबली.

इकडे तिकडे भिंतींवर शंकर-पार्वतीचे लग्न आहे, कैलास हलवणारा रावण आहे, अर्धनारीनटेश्वर आहे. पण पुष्कळ मूर्तींचे हातपाय तुटलेले. पोर्तुगीजांच्या काळात इथे फार मोडतोड झाली. पूर्वी धक्क्याजवळ एक दगडी हत्ती होता. त्यावरून युरोपीय लोक ह्या बेटाला एलिफंटा म्हणू लागले. १८६४ मध्ये हत्ती विलायतेला न्यायला उचलू गेले, तो पडून फुटला. तुकडे जोडून पुढे भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा केला आहे.

त्रिमूर्तीच्या शेजारी गंगा उतरते ती मूर्ती आहे. आकाशातून नदी येते आणि शंकर तिला जटेत झेलतो. बाबा तिथून हलेनात. नर्मदा ही शंकराची लेक, असे आपल्याकडे म्हणतात. आम्ही हाक मारली नाही.

उतरताना एका दुकानवाल्या बाईंशी बोलणे झाले. त्या बेटावरच राहतात. म्हणाल्या, "संध्याकाळी पाहुणे परत जातात. मग बेट आमचं." बेटावर कायमची वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राच्या तळातून तार टाकून. मुंबईचे दिवे समोर दिसत, आणि इथे अंधार. हे ऐकून धडगावकडचा तरुण म्हणाला, "मावशी, आम्हांला नका सांगू. आम्हांला ते माहीत आहे." दोघेही हसले. मावशींनी त्याला पेरू फुकट दिला.

परतीच्या गाडीत सगळे झोपले. आम्हांला वयामुळे झोप कमी. बघतो, तर बाबा दिव्याखाली वही घेऊन बसले होते. वर्गात ते आपले नाव लिहितात, वसाहतीचे नाव लिहितात. त्या रात्री त्यांनी तिसरे नाव लिहिले. हे आम्ही बाबांना विचारूनच सांगतो आहोत. ते नर्मदाकाठच्या गावाचे नाव होते. वही आमच्यापुढे धरून म्हणाले, "बरोबर आहे का, बघा."

आम्ही चष्मा लावला. एक काना राहिला होता. तो दाखवला. बाबांनी काना दिला, वर रेघ ओढली आणि वही पिशवीत ठेवली.